भांडणातून जुळलेली मने : जॉर्जेट हेअरबाईंचे चरित्र



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. ह्या आनंदाच्या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने कोणा नामवंत दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे सभेत ठरले. राणी लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई ही मोठी नावे इतर भगिनींनी पटापट घेऊन टाकली. माझी पाळी आली तेव्हा मी एका इंग्रज कादंबरीकर्त्रीचे नाव सांगितले. सभेत थोडी खसखस पिकली. भांडणाऱ्या नायक-नायिकांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचे चरित्र स्मरणिकेत कशाला, असे एका भगिनीने विचारलेही. त्यांचे विचारणे वावगे नव्हते. त्याला उत्तर म्हणूनच हा लेख मी लिहीत आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी कादंबरी वाचण्याइतकी माझी मजल नाही. परंतु माझी भाची कॉलेजच्या शिक्षणासाठी तीन वर्षे आमच्या घरी राहिली. ती वाचनालयातून ह्या बाईंची पुस्तके आणी, आणि दुपारी मागचे आवरून झाले की मला मराठीत गोष्ट सांगे. मी शेंगा फोडत किंवा तांदूळ निवडत ऐके. पुढे तिने ह्या बाईंचे चरित्रही वाचून सांगितले. त्या सुमारास आमच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले, आणि तीन महिने त्या अंथरुणावर होत्या. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण पुढे येईल. सासूबाईंच्या परवानगीनेच मी ते लिहीत आहे.

जॉर्जेट हेअर ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजी लंडनजवळच्या विंबल्डन येथे झाला. टेनिसच्या सामन्यांमुळे हे नाव आपल्या मुलांच्याही तोंडी असते. वडील शाळेत शिकवीत. आईने गाण्यावाजवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकांना तोटा नव्हता, आणि मुलीने हे वाचू नये, ते वाचू नये असा धाकही नव्हता. जॉर्जेट थोरली. तिच्या पाठीवर दोन भाऊ.

मधला भाऊ बोरिस ह्याला रक्त लवकर न थांबण्याचा विकार होता. ज्या घरी असे मूल असते तेथे सगळ्यांचा जीव कसा टांगणीला लागतो हे सांगायला नको. एकदा तो आजारातून उठत असताना सतरा वर्षांच्या ह्या बहिणीने त्याच्या करमणुकीसाठी एक लांबलचक गोष्ट रचायला सुरुवात केली. तलवारी, घोडे, वेषांतरे, वाटमारी करणारा सरदारपुत्र असा सगळा मसाला तिच्यात होता. वडिलांनी ती ऐकली आणि नीट लिहून काढ, आपण छापायला देऊ, असे सुचविले. ‘द ब्लॅक मॉथ’ ह्या नावाने ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. लेखिका तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आजारी भावाच्या उशाशी सांगितलेली गोष्ट, हीच बाईंच्या साऱ्या लेखनाची सुरुवात.

१९२५ साली घरात एकाच उन्हाळ्यात दुःख आणि मंगलकार्य दोन्ही झाले. जून महिन्यात वडील भावी जावयाबरोबर टेनिस खेळले आणि खेळून होताच हृदयविकाराने गेले. मागे निवृत्तिवेतन नव्हते. दोन्ही भावांचा भार बाईंनी आपल्या लेखणीवर घेतला. ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये रोनाल्ड रूजिए ह्या खाणकामाच्या इंजिनियराशी त्यांचे लग्न झाले. नवरा नोकरीसाठी दूरदेशी आणि माहेरचा संसार हिच्या खांद्यावर, अशी ती नवी नवरी होती.

पुढच्याच वर्षी ‘दीज ओल्ड शेड्स’ ही त्यांची कादंबरी निघाली. इंग्लंडात तेव्हा मोठ्या संपाचे वर्ष चालू होते. त्या गडबडीत पुस्तकाची ना जाहिरात झाली, ना कोठे परीक्षण आले. तरीही त्याच्या एक लाख नव्वद हजार प्रती खपल्या. पुस्तक चांगले असेल तर लेखिकेने स्वतःचा डांगोरा पिटण्याची गरज नाही, असे बाईंनी त्यावरून मनाशी पक्के केले. पुढे जन्मभर त्यांनी वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या नाहीत. संसारात त्या मिसेस रूजिए होत्या. ज्यांच्या नव्या कादंबरीची लोक वाट पाहत त्या जॉर्जेट हेअर म्हणजे ह्याच, हे अनेक वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतरच कळले.

नवऱ्यामागे त्या आफ्रिकेत टांगानिका येथे, म्हणजे आजच्या टांझानियात, जाऊन राहिल्या. उंच गवताने शाकारलेल्या झोपडीत त्यांचे बिऱ्हाड होते. तेथे बसून त्यांनी १७४५ सालच्या इंग्लंडची कथा लिहिली. संदर्भाला पुस्तके नव्हती, तरी इतिहासाची चूक म्हणून काय निघाली, तर लंडनचा एक क्लब खऱ्यापेक्षा एक वर्ष आधी उघडलेला दाखविला, एवढीच. तेथून ती दोघे मॅसिडोनियाला गेली. तेथे दाताच्या डॉक्टरने भूल देताना काही चुकले आणि बाई मरता मरता वाचल्या.

१९२९ साली दोघे मायदेशी परतली. रोनाल्डसाहेबांनी खाणींची नोकरी सोडून धंदा करून पाहिला. पहिला बुडाला. मग नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन हॉर्शम गावी खेळांच्या साहित्याचे दुकान टाकले. बोरिस दुकानाच्या माडीवर राहून हातभार लावी. परंतु घर खऱ्या अर्थाने चालत होते ते बाईंच्या पुस्तकांवर. १९३२ साली मुलगा झाला. मूल, दुकानाची देणी, आई, भाऊ आणि वर्षाला एक किंवा दोन पुस्तके, असा त्यांचा क्रम होता. पुढे रोनाल्डसाहेबांनी वय वाढलेले असताना कायद्याचा अभ्यास केला व १९३९ साली ते बॅरिस्टर झाले. त्या अभ्यासाच्या वर्षांतही घरखर्च मुख्यतः बाईंनीच चालविला. नवराही पुस्तकांत लक्ष घाली. बाईंनी बारा रहस्यकथाही लिहिल्या आहेत. त्यांत खून कसा झाला आणि उकल कशी झाली हे कित्येकदा नवरा जुळवून देई, आणि माणसे व संवाद बायको लिही. असे जोडीने केलेले काम वाचून मला फार बरे वाटले.

आता त्यांची खरी कीर्ती ज्या कादंबऱ्यांवर उभी आहे त्यांच्याकडे वळू. इंग्लंडात १८११ ते १८२० ह्या काळात राजा वेडाच्या भरात असल्यामुळे युवराज कारभार पाहत होता. त्या काळाला ते लोक रिजन्सी म्हणतात. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाची अखेरची वर्षे चालली होती आणि १८१८ साली पेशवाई बुडाली, तोच हा काळ. जेन ऑस्टेन ह्या थोर लेखिकेच्या कादंबऱ्या ह्याच वर्षांत छापल्या गेल्या, पण त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचे लिहिले. हेअरबाईंनी सव्वाशे वर्षांनंतर तोच काळ पुन्हा उभा केला. १९३५ सालची ‘रिजन्सी बक’ ही त्यातली पहिली. तिच्यानंतर ह्या प्रकारच्या कादंबऱ्यांची जी रीघ लागली ती अजून थांबलेली नाही. पुष्कळ लेखिका त्या वाटेने गेल्या, पण वाट पाडली ती ह्यांनी.

ही वाट त्यांनी हवेत पाडली नाही. घरी हजाराहून अधिक संदर्भग्रंथ जमविले होते. टोप्या, शाली, गाड्यांचे प्रकार, त्या वेळचे बोलण्याचे शब्द, अमुक साली मेणबत्तीला काय पडे, ह्या सगळ्यांची टिपणे त्या वह्यांत करून ठेवीत. आपण वाण्याचा हिशेब ठेवतो तसाच हा शंभर वर्षांपूर्वीच्या संसाराचा हिशेब. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची लिहिण्याची धाटणी समजावी म्हणून त्यांनी त्याच्या हातचे एक अस्सल पत्र विकत घेतले होते. हा वेलिंग्टन म्हणजे तोच, ज्याने १८०३ साली आपल्या जालना भागात असईच्या लढाईत शिंदे व भोसले ह्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरविले. त्या वॉटर्लूवर बाईंनी १९३७ साली ‘ॲन इन्फेमस आर्मी’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातले लढाईचे वर्णन इतके चोख आहे की सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकवितानाही त्याचा उपयोग केला गेला. प्रेमकथा लिहिणारी बाई म्हणून हसण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

परंतु माझ्यासारखीला त्यांची गोडी लागली ती लढाईमुळे नव्हे, भांडणामुळे. त्यांच्या कित्येक कथांत नायक-नायिका प्रथम एकमेकांचे तोंडही पाहू इच्छित नाहीत. अपमान, गैरसमज, खोड्या, डावपेच ह्यांत पाने भराभर उलटतात. हसून हसून पोट दुखते. आणि कोणत्या पानावर द्वेष सरला व ओढ लागली हे त्या दोघांना तर नाहीच, वाचणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. १९४१ सालची ‘फेरोज डॉटर’ ही त्यातली माझी सर्वांत आवडती. तिची गोष्ट थोडक्यात सांगते.

लंडनमध्ये एक प्रेमळ पण हिशेबाला कच्ची बाई पत्त्यांच्या जुगाराचे घर चालविते. तिची भाची डेबोरा देखणी, तल्लख आणि स्वभावाने सरळ. एका कोवळ्या सरदारपुत्राचे मन तिच्यावर जडते. त्याचा मोठा चुलतभाऊ रॅव्हन्सकर हा गर्भश्रीमंत गृहस्थ. ही पैशासाठी आमच्या पोराला नादी लावते आहे असे धरून तो मोठी रक्कम घेऊन येतो आणि त्याला सोड म्हणतो. वास्तविक त्या पोराशी लग्न करण्याचा विचारही तिच्या मनात नसतो. पण असा अपमान झाल्यावर ती चवताळते. तुम्ही मला जशी समजलात तशीच होऊन दाखविते, असा पण करून ती मुद्दाम भडक पोशाख करते आणि चारचौघांत अचकटविचकट वागून त्याच्या अंगाचा तिळपापड करते. शेवटी तर त्याला पकडून आणवून आपल्या घराच्या तळघरात डांबते. हात बांधलेले, खाली उंदीर, आणि तरीही तो हार मानीत नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर दोर जाळून मोकळा होतो.

ही गोष्ट भाचीने मला दुपारी सांगितली आणि रात्री सासूबाईंजवळ जागत बसले असता मी त्यांना सांगितली. आता थोडे घरातले लिहिते. लग्न होऊन मी ह्या घरी आले त्या पहिल्या गणपतीत माझे उकडीचे मोदक फुटले. सासूबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या की हिच्या आईने हिला काही शिकविले नाही. आई तेव्हा नुकतीच गेली होती. ते बोल मी सतरा वर्षे मनात धरून ठेवले. त्यांचे पथ्यपाणी, औषध, कशातही मी कमी केले नाही, पण लागेल तेवढेच बोलले. त्याही तशाच. घरात भांडण असे कधी झालेच नाही, आणि तेच वाईट झाले.

अंथरुणाला खिळल्यावर त्यांना रात्र सरता सरेना. तेव्हा मी केवळ वेळ काढायला ही कथा सुरू केली. त्यांना ती नावे उच्चारता येईनात. डेबोराची त्यांनी दुर्गी केली आणि रॅव्हन्सकरचा रावणकर. दुर्गीने रावणकराला तळघरात घातले त्या रात्री मला फार झोप येत होती म्हणून मी तेथेच थांबविले. पहाटे तीनच्या सुमाराला काठीने माझी चटई ठोकून त्यांनी मला उठविले. मला वाटले दुखते आहे. तर त्यांना रावणकर सुटला की नाही ते हवे होते. मी दोर जाळल्याचे सांगितले. त्या इतक्या हसल्या की हाड दुखावेल म्हणून मलाच भीती वाटली. मग काही वेळाने त्या म्हणाल्या की मेल्याने तिला विचारले असते तर एवढे रामायण झालेच नसते. मी म्हटले, कोणी कोणाला विचारीत नाही, धरून चालतात. त्या अंधारात गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन मोदकांचा विषय काढला. त्या पाहुण्यांत त्यांच्या स्वतःच्या सासूबाई होत्या, आणि मोदक फुटल्याचा ठपका आपल्यावर येईल ह्या भीतीने त्यांनी तो माझ्या आईवर ढकलला होता. सतरा वर्षांनी मला हे कळले. सासूबाईंना माझी आई तेव्हा नुकतीच गेलेली आहे हे ठाऊक होते, पण त्या क्षणी ध्यानात राहिले नाही, असेही त्या म्हणाल्या. आम्ही दोघी रडलो की हसलो हे आता नीट आठवत नाही. चहा मात्र त्या रात्री पहाटेच झाला.

तेव्हापासून मी विचार करते की ह्या भांडखोर प्रेमकथांत असे काय आहे, की देशोदेशींच्या बायका त्या पुन्हा पुन्हा वाचतात. मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही, की माणूस गोड बोलत असतो तेव्हा कळत नाही, अडवला गेला की कळतो. आपल्यापैकी बहुतेकींची लग्ने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ठरली. खाली मान घालून पाच प्रश्नांची उत्तरे दिली आणि जन्माची गाठ पडली. ह्या कथांतल्या नायिकेला मात्र वराची परीक्षा पाहायला तीनशे पाने मिळतात. तो रागावल्यावर कसा वागतो, हरल्यावर कसा वागतो, आपली चूक कळल्यावर ती कबूल करतो की नाही, हे सारे ती पाहून घेते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झाले की बायकोच्या पैशाअडक्यावर सहसा नवऱ्याचाच ताबा येई. तो कायदा १८७० व १८८२ साली सुधारला. अशा काळात चुकीचा नवरा म्हणजे सर्वस्वाची बुडवणूक. तेव्हा हे भांडण पोरखेळ नसते. भांडता भांडता ती आपले सारे आयुष्य कोणाच्या हाती द्यायचे ते ठरवीत असते.

दुसरी गोष्ट बरोबरीची. भांडायला समोरच्याने आपले बोलणे ऐकावे लागते. ज्याला आपण खिजगणतीत धरीत नाही त्याच्याशी आपण भांडत नाही, त्याला नुसते हुकूम सोडतो. रॅव्हन्सकर डेबोराला उत्तर देतो, म्हणजेच तिचे ऐकतो. आपल्याकडेही ही गोडी नवी नाही. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्यात श्रीमंताची लेक भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला धुडकावते आणि मग वेषांतर करून त्याच्याजवळ राहिल्यावर तिला त्याची खरी योग्यता कळते. ते नाटक आपल्या आजीपणजींनी डोक्यावर घेतले. तेव्हा कोणी त्याला हलके म्हटले नाही.

तिसरी गोष्ट हसण्याची. ज्याला स्वतःवर हसता येत नाही त्याला आपली चूक कबूल करता येत नाही. हेअरबाईंच्या नायक-नायिकांना शेवटी जे सुख मिळते ते दोघांनाही आपण किती मूर्खपणा केला ह्याचे हसू आल्यानंतरच मिळते. उपदेश करून जे होत नाही ते कधी कधी अशा हसण्याने होते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट आपल्या तरुण मुलींसाठी लिहिलीच पाहिजे. प्रत्येक भांडणाच्या पोटी प्रेम असते असे मुळीच नाही. हात उगारणारा नवरा, घालूनपाडून बोलणारे घर, ह्यांतून पुढे गोड शेवट होईल म्हणून वाट पाहत बसू नये. हेअरबाईंनीही तसे सांगितलेले नाही. १९३२ सालच्या ‘डेव्हिल्स कब’मध्ये उद्दाम सरदारपुत्र नायिकेवर बळजबरी करू पाहतो, तेव्हा ती त्याच्याच पिस्तुलाने त्याच्या दंडावर गोळी झाडते. त्याला अद्दल घडते आणि मगच कथा पुढे जाते. कागदावर लेखिका असा माणूस सुधारू शकते. घरात तसे होईलच असे नाही. घरात असे घडत असेल तर कादंबरी मिटावी आणि मंडळाच्या बायकांना हाक मारावी.

बाईंच्या लेखनात डाग नाहीत असेही नाही. १९५० सालच्या ‘द ग्रँड सोफी’ ह्या एरवी फार गमतीच्या कादंबरीत एका ज्यू सावकाराचे चित्र इतक्या तिरस्काराने काढले आहे की भाचीने ते पान मला वाचून दाखविताना तिचा आवाज उतरला. जर्मनीतला ज्यूंचा संहार संपून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. धरून चालणाऱ्यांना हसणारी ही लेखिका तेथे स्वतःच धरून चालली. आवडत्या माणसाची चूक झाकून ठेवण्यात प्रेम नाही, म्हणून हे लिहिले.

१९४२ पासून पुढली चोवीस वर्षे त्या लंडनच्या मध्यवस्तीत राहिल्या. रोनाल्डसाहेब वकिलीत मोठ्या मानाला पोचले. पुस्तके लाखांनी खपत होती, पण सरकारी कराची बिलेही तशीच येत. बाईंच्या मनात एक जुनी इच्छा होती. इंग्लंडच्या मध्ययुगातील लँकेस्टर घराण्यावर मोठा, गंभीर ऐतिहासिक ग्रंथ लिहावा असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे काढली. पण कराचे बिल आले की ते काम बाजूला ठेवून आणखी एक विनोदी प्रेमकथा लिहावी लागे, कारण वाचकांना तीच हवी असे. आपल्या ह्या पुस्तकांविषयी त्या स्वतःच थट्टेने व हलकेपणाने बोलत. तो मोठा ग्रंथ कधीच पुरा झाला नाही. त्याचा झालेला भाग ‘माय लॉर्ड जॉन’ ह्या नावाने त्यांच्या मागे १९७५ साली निघाला. दुसऱ्यांच्या गरजा भागविताना आपले मनातले काम उद्यावर ढकलायचे, हे आपणा गृहिणींना नव्याने सांगायला नको.

पण ह्याला दुसरी बाजू आहे, आणि त्या एका गोष्टीसाठीच मी हे चरित्र निवडले. १९४४ साली त्यांची ‘फ्रायडेज चाइल्ड’ ही कादंबरी आली. एका सुंदरीने नकार दिल्यामुळे चिडलेला तरुण सरदार वाटेत प्रथम भेटेल त्या मुलीशी लग्न करीन असा हट्ट धरतो, आणि त्याला भेटते ती नातेवाइकांच्या आश्रयाला राहिलेली एक भाबडी अनाथ पोर. मग त्या दोन पोरसवदा नवराबायकोंच्या चुका, रुसवे आणि फजित्या. सारी कथा हसण्याची.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाईंना रुमानियातील एका स्त्रीचे पत्र आले. तेथील राजवटीने तिला राजकीय कैदी म्हणून बारा वर्षे तुरुंगात ठेवले होते. त्या वर्षांत तिने ही ‘फ्रायडेज चाइल्ड’ची कथा आठवणीतून आपल्या बरोबरीच्या कैदी स्त्रियांना पुन्हा पुन्हा सांगितली, आणि तिच्या आधारावर त्या बायकांनी आपले मन शाबूत ठेवले. भुकेत, थंडीत, उद्याची खात्री नसताना त्या बायका एका इंग्रज नवरीच्या वेडेपणाला हसत होत्या. वाचकांची असंख्य पत्रे बाईंना येत. त्यांतले जपून ठेवलेले पत्र हेच. आपण केवळ बिले भागविण्यासाठी लिहिले असे ज्याला त्या म्हणत, ते कोणाच्या तरी अंधाऱ्या कोठडीत दिवा होऊन गेले होते.

बाईंना सिगारेट ओढण्याचे फार व्यसन होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने ४ जुलै १९७४ रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्या निवर्तल्या. त्या वेळी त्यांच्या अठ्ठेचाळीस कादंबऱ्या बाजारात मिळत होत्या, आणि सतराव्या वर्षी आजारी भावासाठी रचलेली पहिली कथाही त्यांत होती. २०१५ साली विंबल्डनच्या त्यांच्या जन्मघरावर स्मृतिफलक लावण्यात आला.

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचे चरित्र कशाला, असे ज्या भगिनीने विचारले त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आजाऱ्याच्या उशाशी सुरू झालेली ही लेखणी तुरुंगापर्यंत पोचली, आणि आमच्या माजघरातही आली. तिने आमच्या घरातले सतरा वर्षांचे मुके भांडण बोलते केले. माझ्या लेखी हे काम लहान नाही.

सासूबाई आता काठी टेकीत हिंडूफिरू लागल्या आहेत. मंडळाच्या समारंभाला त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत. हा लेख मी त्यांना वाचून दाखविला. बाकी सगळे ठीक आहे, पण मोदक खरोखरच फार फुटले होते, हेही त्यात घाल, असे त्यांनी सांगितले. म्हणून तेही घातले आहे.